पहिली क्रूझ, भिवंडीहून

हिवाळ्यात मुंबईच्या बॅलार्ड पिअरला एक अकरा मजली जहाज लागतं. नाव ‘एम्प्रेस’. 1990 मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं हे जहाज वेगवेगळ्या नावांनी तीन दशकं कॅरिबियन आणि युरोपच्या समुद्रांत फिरलं. सप्टेंबर 2021 पासून ‘कॉर्डेलिया क्रूझेस’ ही कंपनी ते मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्यांवर नेऊ लागली. भिवंडीहून हा धक्का साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. मानकोलीच्या गोदामातले हिशेबनीस, यंत्रमागाचे मालक, शाळेतले शिक्षक अशा अनेकांच्या मोबाइलवर आता क्रूझच्या जाहिराती येतात. पण जायचा विषय निघाला की घरात तीन प्रश्न हमखास उभे राहतात. एकूण खर्च किती येईल? बोट लागेल का? आणि जेवणाचं काय?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची उत्तरं पैसे भरण्याआधीच मिळवता येतात. पहिली क्रूझ फसते ती बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यामुळे, न वाचलेल्या अटींमुळे किंवा एकदम लांबची सफर ठरवल्यामुळे. थोडी तयारी केली तर समुद्रावरचे दोन-तीन दिवस मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात येतात आणि मनापासून उपभोगताही येतात.

भिवंडीला समुद्रप्रवास परका नाही. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतलं आणि मराठी आरमाराची सुरुवातीची जहाजं इथल्याच खाडीच्या परिसरात बांधली गेली. त्या कामावर काही काळ पोर्तुगीज कारागीरही होते. पुढे भिवंडीसारख्या गावांतले यात्रेकरू मुंबईहून मोगल लाइन कंपनीच्या बोटींनी हजला जात. समुद्रमार्गे हजयात्रा 1995 मध्ये थांबली. कोकणातून ठाणे जिल्ह्यात स्थायिक झालेल्या घरांत आगबोटीच्या आठवणी अजून निघतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण ही बंदरं आणि बोट किनाऱ्यापर्यंत येत नसल्याने भर पाण्यात पडावात उतरणारी माणसं.

तो सारा प्रवास गरजेचा होता. गावी पोचायचं म्हणून, यात्रेला जायचं म्हणून लोक बोटीत बसत. क्रूझवर मुक्काम जहाजावरच असतो. राहणं, जेवण, नाटक-गाण्यांचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, मुलांची खेळायची जागा सगळं तिथेच. मधूनच एखादं बंदर येतं, प्रवासी काही तास उतरून फिरतात आणि संध्याकाळी परततात. सामान एकदाच उघडायचं, एकदाच भरायचं. म्हाताऱ्या आईवडिलांना आणि लहान मुलांना घेऊन निघणाऱ्यांना ही सोय फार मोलाची वाटते.

आधी महिना ठरवा

किनाऱ्यावरचे कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मगच नवा हंगाम सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. त्यामागे माशांच्या प्रजननाचं कारण आहे, तसंच खवळलेल्या समुद्राचंही आहे. पर्यटकाने हेच वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवावं. पावसाळ्यात ‘एम्प्रेस’ही अरबी समुद्र सोडून पूर्व किनाऱ्यावर जात आली आहे. जून 2022 मध्ये चेन्नईहून आणि जून 2023 मध्ये चेन्नई ते श्रीलंका अशा फेऱ्या त्याच बेताने सुरू झाल्या.

भिवंडीतल्या बहुतेक घरांना मे महिन्याची सुट्टी सोयीची वाटते. पण मेच्या मध्यापासून अरबी समुद्रात वादळांचा काळ सुरू होतो. ‘तौक्ते’ चक्रीवादळ मे 2021 मध्ये मुंबईजवळून गेलं आणि ‘निसर्ग’ 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं. वादळाची चाहूल लागली की जहाज कंपन्या मार्ग बदलतात किंवा फेरी रद्द करतात. सुट्टी मात्र परत मिळत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या किनाऱ्यावर सर्वांत शांत असतो. त्यातही नाताळ आणि नववर्षाचे दिवस महाग आणि गर्दीचे असतात. संक्रांतीनंतरचे दोन-तीन आठवडे पहिल्या सफरीला उत्तम. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून जायचं असेल तर आरक्षण बरंच आधी करावं. आठवड्याच्या मधल्या दिवसांतल्या फेऱ्या शनिवार-रविवारच्या फेऱ्यांपेक्षा सहसा स्वस्त पडतात.

कुठे जायचं?

मुंबईहून निघणाऱ्या सफरी ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली, दोन रात्री समुद्रात फिरून मुंबईलाच परत येणारी. दुसरी गोव्याची. मुंबई ते मुरगाव हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. तिसरी, चार-पाच रात्रींची, लक्षद्वीप किंवा कोचीपर्यंत जाणारी.

गोव्याच्या फेरीत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मोठी जहाजं मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोजवळ लागतात. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर आहे आणि उत्तरेकडचे प्रसिद्ध किनारे त्याहून लांब. काही तासांच्या मुक्कामात अख्खा गोवा बघायचा बेत केला तर दिवस टॅक्सीत जातो. जुन्या गोव्याची चर्च, नाहीतर मंगेशी-शांतादुर्गेचं दर्शन, नाहीतर दक्षिणेकडचा एखादा किनारा, यांपैकी एकच निवडावं. ज्यांना गोवाच मनसोक्त बघायचा आहे त्यांनी रेल्वेने जावं. क्रूझ समुद्रावरच्या वेळेसाठी करावी.

लक्षद्वीपची सफर या तिन्हींत सर्वांत सुंदर आहे आणि सर्वांत बेभरवशाचीही. अगत्तीसारख्या बेटांभोवती प्रवाळाचा कडा असल्याने मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर थांबतं आणि लहान बोटींतून माणसं बेटावर नेली जातात. लाटा वाढल्या तर उतरणं रद्द होतं. बेटांवर जायला बाहेरच्या भारतीयांनाही परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देते, पण त्यासाठी कागदपत्रं आधी द्यावी लागतात. बेटावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे, हे मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावं. साधेपणा चालत असेल तर लक्षद्वीप प्रशासनाची ‘समुद्रम’ ही सहलही आहे. ती कोचीहून ‘एमव्ही कवरत्ती’ या जहाजाने निघते आणि दिवसा बेटं दाखवून रात्री पुन्हा जहाजावर आणते.

परदेशी सफरीचं एक लोकप्रिय बंदर म्हणजे सिंगापूर. तिथून ‘गेंटिंग ड्रीम’सारखी तीन हजारांवर प्रवाशांची जहाजं मलेशिया आणि थायलंडच्या बंदरांना दोन-तीन रात्रींच्या फेऱ्या करतात आणि भारतीय प्रवाशांची त्यांवर मोठी वर्दळ असते. विमानप्रवास, व्हिसा आणि सिंगापूरमधला मुक्काम धरला तर हा खर्च मुंबईच्या सफरीच्या कितीतरी पट होतो. भूमध्य समुद्र, अलास्का, कॅरिबियन या त्यापुढच्या पायऱ्या. मायामीहून निघणारं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी 2024 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालं. त्याला वीस डेक आहेत आणि पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे 7600 प्रवासी मावतात. असली दृश्यं बघून मन तिकडे धावतं, पण समुद्र आपल्याला मानवतो की नाही हे कळण्याआधी आठवडाभराच्या सफरीत लाखो रुपये घालणं शहाणपणाचं नाही.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजांची निवड सध्या मर्यादित आहे आणि त्यामागे अलीकडचा इतिहास आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये कान्होजी आंग्र्यांचं नाव सांगणारी ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर मोठ्या थाटात सुरू झाली, पण फार वर्षं चालली नाही. एप्रिल 2019 मध्ये ‘जलेश’ कंपनीने ‘कर्णिका’ हे मोठं जहाज आणलं. करोनाच्या टाळेबंदीत ती कंपनी 2020 मध्ये बंद पडली आणि जहाज अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघालं. ‘कॉर्डेलिया’ने 2025 मध्ये ‘नॉर्वेजियन’ कंपनीची ‘स्काय’ आणि ‘सन’ ही दोन मोठी जहाजं भाड्याने घेत असल्याचं जाहीर केलं. केंद्र सरकारने 30 सप्टेंबर 2024 रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं असून 2029 पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. म्हणजे पर्याय वाढतील. पण पैसे भरताना कंपनीची सद्यस्थिती पाहणं, पावती जपणं आणि शक्यतो क्रेडिट कार्डाने पैसे देणं हे पथ्य पाळलेलं बरं. कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल वाद झाला तर बँकेकडे दाद मागण्याचा आणखी एक मार्ग उरतो.

खोली कोणती घ्यावी?

क्रूझवरच्या खोल्यांचे मुख्य प्रकार चार. आतली, म्हणजे खिडकी नसलेली खोली सर्वांत स्वस्त. त्यानंतर समुद्राकडे खिडकी असलेली, मग बाल्कनीची आणि सर्वांत वर स्वीट. जेवण, कार्यक्रम, तलाव या गोष्टी बहुतेक जहाजांवर सगळ्यांना सारख्याच असतात. त्यामुळे दोन रात्रींसाठी बाल्कनीवर जादा पैसे घालण्याची गरज नसते. डेकवर उभं राहून तोच समुद्र दिसतो. मात्र ज्यांना बंद खोलीत गुदमरल्यासारखं होतं त्यांनी खिडकी घ्यावीच.

प्रकारापेक्षा जागा अधिक महत्त्वाची. जहाज सी-सॉच्या फळीसारखं हलतं: टोकं वरखाली होतात, मध्य जवळपास स्थिर राहतो. म्हणून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली सर्वांत कमी डोलते. नकाशात आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहावं. वर नाचगाण्याचं सभागृह किंवा स्वयंपाकघर असेल तर झोपेचं खोबरं होतं. वर आणि खाली खोल्याच असतील ती जागा शांत.

खोल्या लहान असतात. घरातल्या चौघांना एका खोलीत झोपवणं स्वस्त पडतं, पण त्यांपैकी दोघांना भिंतीतून उघडणाऱ्या पलंगांवर चढावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी वेगळी खोली घ्यावी. व्हीलचेअर आत जाईल अशा खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

जाहिरातीतला आकडा आणि खरा खर्च

क्रूझचा दर माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघं राहणार असं धरून सांगितलेला असतो. एकटा प्रवासी गेला तर त्याला बहुधा बराच जास्त दर पडतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाला सहसा सवलत मिळते. मूळ दरावर बंदर शुल्क, कर आणि सेवकांसाठीची बक्षिसी चढते. बुकिंग करताना ‘सर्व धरून चौघांचे किती?’ एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

दरात साधारणपणे खोली, मुख्य उपाहारगृहातलं जेवण, ठरावीक कार्यक्रम आणि तलाव येतात. मद्य, बाटलीबंद पेयं, खास उपाहारगृहं, स्पा, इंटरनेट, काही कार्यक्रम आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या. जहाजावर रोख पैसे फारसे चालत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवायचं आणि हिशेब शेवटच्या दिवशी चुकता करायचा, अशी पद्धत असते. त्यात हात सैल सुटतो. रोज संध्याकाळी स्वागतकक्षात आपल्या खात्यावर किती चढले ते बघून घ्यावं.

एक उदाहरण घेऊ. समजा दोन रात्रींचा जाहीर दर माणशी 20 हजार रुपये आहे. चौघांचे 80 हजार होतात. पुढच्या दोघांना सवलत मिळाली तरी कर, शुल्क आणि बक्षिसी धरून आकडा पुन्हा तिथेच किंवा वर जातो. त्यावर गोव्यातली टॅक्सी, मुलांची पेयं, फोटो आणि भिवंडी ते मुंबई जाण्यायेण्याचा खर्च. पहिल्या सफरीला जाहीर दराच्या दीडपट रक्कम बाजूला काढली तर ऐनवेळी ओढाताण होत नाही. उरले तर घरीच राहतात.

कसिनो हा बहुतेक मोठ्या जहाजांचा भाग असतो. मुलांना तिथे प्रवेश नसतो, मोठ्यांना मोह होतो. तिकडे न फिरकणं सर्वांत चांगलं.

परदेशी सफरीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल केला जाणारा कर, लागतो. तो आगाऊ करासारखा असतो. विवरणपत्र भरताना वळता करता येतो किंवा परत मिळतो. एजंटकडून त्याचा दाखला मागून घ्यावा.

बोट लागेल का?

बोट लागणं हा आजार नाही. शरीराचा तोल सांभाळणारी इंद्रियं कानाच्या आत असतात. ती ‘आपण हलतोय’ असं मेंदूला सांगतात आणि खोलीच्या स्थिर भिंती बघणारे डोळे ‘काही हलत नाही’ असं सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून खोलीत पडून राहण्यापेक्षा डेकवर यावं आणि क्षितिजाकडे नजर लावावी. डोळे आणि कान एकच गोष्ट सांगू लागले की बरं वाटतं.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते डावी-उजवीकडचा डोल बराच कमी करतात. शांत हिवाळी समुद्रात बहुतेकांना त्रास होत नाही. तरीही ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून गोळी सोबत ठेवावी. ही औषधं मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच चांगला उपयोग होतो. त्यांनी झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना काही औषधं चालत नाहीत, म्हणून सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. रिकाम्या पोटी राहू नये, तेलकट टाळावं, आल्याचा तुकडा जवळ ठेवावा.

खात्री करून घ्यायचा स्वस्त उपाय मुंबईतच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च 2020 पासून रो-रो बोट चालते. तासाभराचा प्रवास आहे. एखाद्या रविवारी घरच्यांना तिकडे फिरवून आणावं. या लहान बोटीवर कोणाला त्रास झाला नाही तर मोठ्या जहाजावर होण्याची शक्यता आणखी कमी.

समुद्राच्या भीतीमागे मराठी माणसाची एक जुनी आठवणही आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट कासा खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐन पावसाळा होता, बोट प्रवाशांनी भरलेली होती. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लांबच्या समुद्रावर जाणाऱ्या प्रवासी जहाजावर सर्व माणसांना पुरून उरतील, म्हणजे एकूण सव्वापट माणसांसाठी जीवनौका आणि तराफे असावे लागतात.

त्याशिवाय सुरक्षेची कवायत असते. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळलं आणि 32 जण दगावले. त्या दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण तेव्हा ती 24 तासांत केली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. आता नवे प्रवासी चढले की जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घ्यावी लागते. ती चुकवून तलावाकडे पळू नये. आपलं जमायचं ठिकाण कोणतं आणि लाइफ जॅकेट कसं बांधायचं, हे आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाने बघून ठेवावं.

ताटात काय असेल?

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते, कारण त्यांच्या प्रवाशांचा मोठा भाग तेच मागतो. तरी बुकिंग करतानाच ते नोंदवावं आणि जहाजावर गेल्यावर पुन्हा सांगावं. हलाल मांसाबद्दल भिवंडीतल्या कुटुंबांनी कंपनीला आधीच लेखी विचारावं. गृहीत धरू नये. परदेशी जहाजांवर तर हे सारं निघण्याच्या काही आठवडे आधी कळवावं लागतं. मधुमेही माणसांनी एक धोका ओळखून राहावं: दिवसभर काही ना काही मांडलेलं असतं आणि खाण्याच्या वेळा मोडतात.

घरून लाडू-चिवडा नेण्याची आपली सवय इथे अडते. बहुतेक कंपन्या घरी शिजवलेले पदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत. बाळाचा आहार आणि औषधं चालतात. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांना आगीच्या भीतीने सक्त मनाई असते. तपासणीत सापडल्या तर काढून ठेवतात.

पोटाचे संसर्ग जहाजावर झपाट्याने पसरतात. त्यातल्या नोरोव्हायरसवर नुसत्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. जेवणापूर्वी साबण आणि पाण्याने हात धुणं हाच खरा उपाय.

कागदपत्रं आणि निघायचा दिवस

देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र पुरतं. श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला जाणाऱ्या फेरीला पासपोर्ट लागतो. आधारवर नाव एका स्पेलिंगचं आणि तिकिटावर दुसऱ्या, हा घोळ आपल्याकडे फार होतो. ओळखपत्र समोर ठेवूनच तिकीट काढावं. सिंगापूरहून निघून मलेशियाला जाणारं जहाज पुन्हा सिंगापूरलाच येतं, त्यामुळे तिथला एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. अलास्कासाठी सिएटलहून निघणाऱ्या सफरी कॅनडाला जातात; तिथे दोन देशांचे व्हिसा लागतात. विमानाने जाऊन जहाज पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच त्या शहरात पोचावं.

गरोदरपणाचे 24 आठवडे झाले असतील किंवा बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तर बहुतेक कंपन्या नेत नाहीत. प्रवास विमा घेताना वैद्यकीय उपचार आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते तपासावं. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं लागतं.

भिवंडीकरांची खरी परीक्षा जहाजावर चढण्याआधी होते. काल्हेर, कशेळी, मानकोली इथली कोंडी कधी होईल ते सांगता येत नाही. सामान मोजकं असेल तर ठाणे किंवा कल्याण गाठून मध्य रेल्वेच्या लोकलने सीएसएमटीला जावं. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. गाडीने जायचं तर चेक-इनच्या वेळेपूर्वी किमान तीन-चार तास हाताशी ठेवून निघावं. बॅलार्ड पिअरला इंदिरा गोदीजवळ 2025 मध्ये सुरू झालेलं मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल वर्षाला दहा लाख प्रवाशांसाठी बांधलं आहे आणि तिथे 72 काउंटर आहेत. तरी रांग लागतेच.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या काही तासांनी खोलीच्या दाराशी येतात. औषधं, चष्मा, ओळखपत्रं, चार्जर आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की नेटवर्क जातं. मोबाइल तेव्हा एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर उपग्रहाच्या रोमिंगचं भरमसाट बिल येऊ शकतं. धंद्याची कामं निघण्यापूर्वी कोणावर तरी सोपवावीत. दर तासाला कारखान्यात फोन करायची सवय असलेल्या माणसाला ही सक्तीची सुट्टी पहिल्या दिवशी जड जाते, दुसऱ्या दिवशी मानवते.

बंदरावर उतरलं की परतायची वेळ पाठ असावी. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज बहुधा थांबतं. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. आणि एखादं बंदर ऐनवेळी रद्द होऊ शकतं, याची मनाची तयारी ठेवावी. जून 2022 मध्ये पुदुच्चेरीच्या प्रशासनाने परवानगी न दिल्याने ‘एम्प्रेस’च्या प्रवाशांना तिथे उतरता आलं नव्हतं. तिकिटाच्या अटींत मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राखलेला असतो.

हे सारं बघता भिवंडीतल्या कुटुंबाने पहिली सफर मुंबईहून, दोन किंवा तीन रात्रींची, डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत करावी; खोली खालच्या मजल्यावरची आणि मधली घ्यावी; बाल्कनीचे वाचलेले पैसे आईवडिलांना सोबत नेण्यावर खर्चावेत. आवडली तर पुढच्या वर्षी लक्षद्वीप आहे, नंतर सिंगापूर आहे. मात्र पैसे भरण्याआधी फेरी रद्द झाल्यास किंवा आपल्याला जाता न आल्यास किती रक्कम परत मिळते, तो नियम घरातल्या एकाने तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.